धीर धरायचा म्हणजे काय करायचं

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र वाचलं. भर बैठकीत तुझ्या कामाच्या चिंध्या झाल्या, उत्तर देताना आवाज कापू लागला आणि बाहेर आल्यावर कुणीतरी ऐकवलं, 'जरा शांत राहायला शिक.' तेव्हापासून तुला वाटतंय की आपला स्वभावच कच्चा. मला ते अजिबात पटलेलं नाही.

'शांत' हा शब्द 'शम्' धातूचा. तहान शमते, वादळ शमतं. शमून झालं की शांत. वादळ अंगावर असताना कुणी शांतपणा मागावा, हे मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा लागतो तो धीर.

संस्कृत कोशांत 'धीर'चे दोन अर्थ सापडतात: स्थिर आणि बुद्धिमान. दुसरा 'धी', म्हणजे विचारशक्ती, यावरून आला. पहिल्याचं नातं 'धृ', म्हणजे धरणे, या धातूशी जोडतात. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात तर धीराची व्याख्याच केली आहे. पार्वती सेवेला आली, तर समाधीत विघ्न येऊ शकतं हे शंकराला ठाऊक होतं, तरी त्याने तिला येऊ दिलं. विकाराचं कारण समोर असतानाही ज्यांचं चित्त ढळत नाही तेच धीर, असं कवी तिथे म्हणतो. कारणच नसेल तर धीराचा प्रश्न येतो कुठे? नाट्यशास्त्रातल्या नायकांच्या चार प्रकारांत तापट, गर्विष्ठ नायकसुद्धा 'धीरोद्धत'च म्हणवला जातो. त्यामुळे राग येतो म्हणून तू धीराच्या बाहेर पडलास, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आपल्या मराठीने या शब्दाला आणखी माणसात आणलं. धीर धरतात, तो सुटतो, खचतो, कधी निघतच नाही. शिवाय तो दुसऱ्याला देता येतो. स्वभावाबद्दल कुणी असं बोलत नाही. मनाची पकड असते तिच्याबद्दल बोलतात, आणि सुटलेली पकड पुन्हा घेता येते.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढंच कर. समोरचा बोलत असताना त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत वहीत उतरव. अक्षर वेडंवाकडं आलं, हात थरथरला, तरी लिहीत राहा. त्या वेळात 'धी'ला काम मिळतं. मग वहीत बघूनच विचार, 'यातलं आधी काय बदलू?' आवाज कापला तर कापू दे, प्रश्न मात्र पूर्ण विचार. आणि त्या रात्री कुणालाही लांबलचक खुलासा पाठवू नकोस. लिहावासा वाटला तर लिही, सकाळी वाच, मग ठरव.

बैठकीची तारीख कळव. आदल्या संध्याकाळी फोन कर, मागचे आक्षेप घेऊन बस. एकेक करून बघू.

तुझा,
काका