चाचणी आधी की प्रार्थना आधी?

नंदुरबार

ख्रिस्तात प्रिय पोरी,

सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवरही उत्तर देता आलं असतं, पण फोनवर मी फार बोलते आणि तू नुसती ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

धुळ्याच्या होस्टेलवर मैत्रिणी विचारतात, लॅबचं शिकतेस आणि जेवणाआधी डोळे मिटून काय पुटपुटतेस? सुट्टीत नवापूरला आलीस तर चर्चच्या तरुण संघातला भाऊ म्हणतो, सिकलसेलसाठी, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या त्या आनुवंशिक आजारासाठी, सारखं रक्त तपासत बसणं म्हणजे विश्वास कमी पडणं. तुला वाटतं ही दोन टोकं आहेत. मला तर दोघं एकाच गोष्टीवर सहमत दिसतात. जिथे विज्ञानाला कळत नाही तेवढ्याच जागेत देव राहतो, असं दोघंही धरून चालतात. मैत्रिणींच्या हिशेबाने ती जागा रोज आक्रसते आहे आणि भावाच्या हिशेबाने आपण ती बळकावतो आहोत. ही वाटणीच मला मान्य नाही. ज्याने सगळं निर्माण केलं असं आपण रविवारी मोठ्याने म्हणतो, त्याला कळलेल्या गोष्टींतून बाहेर का काढायचं?

थोडं आडवळणाने सांगते. आपल्या रावेर-यावलची केळी घे. जुनी बसराई काय किंवा आताची ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातली. इंग्लंडमधल्या विल्यम कॅव्हेंडिश नावाच्या ड्यूकच्या काचघरात हे वाण वाढवलं गेलं, म्हणून हे नाव. त्याच्यामागून जो ड्यूक झाला, त्याच घराण्यातला, त्याने केंब्रिज विद्यापीठाला पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा बांधून दिली. ती 1874 साली सुरू झाली. तिथला पहिला प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल. वीज, चुंबक आणि प्रकाश यांना एका सूत्रात बांधणारा माणूस, आणि मनापासून ख्रिस्ती. त्या प्रयोगशाळेच्या लाकडी दारावर लॅटिन भाषेत बायबलमधल्या 111 व्या स्तोत्राचं दुसरं वचन कोरलं आहे. परमेश्वराची कामं थोर आहेत, ज्यांना त्यांची गोडी आहे ते त्यांचा शोध घेतात, असा त्याचा भाव. तिथे जे. जे. थॉमसन याने 1897 मध्ये इलेक्ट्रॉन शोधला. वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये डीएनएची रचना मांडली. क्रिक देव मानत नव्हता. दाराने त्याला अडवलं नाही. आणि 1956 मध्ये त्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इंग्राम याने सिकलसेलचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन, तुकडे करून तपासलं आणि नेमका कुठला तुकडा वेगळा आहे ते दाखवलं. पुढच्या वर्षी बारकावा हाती आला. त्या प्रथिनाच्या बीटा साखळीत मण्यांसारखी ओवलेली 146 अमिनो आम्लं, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. एवढ्याशा फरकाने आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या पोरांची हाडं रात्र रात्र ठणकतात.

हे दार मैत्रिणींना पुरावा म्हणून दाखवायला जाऊ नकोस बरं का. मॅक्सवेल प्रार्थना करायचा म्हणून त्याची समीकरणं खरी ठरली नाहीत, आणि क्रिक करत नव्हता म्हणून डीएनए खोटा पडला नाही. ‘देव मानणारे थोर शास्त्रज्ञ’ अशा याद्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या पुढे पाठवायच्या नाहीत. विरुद्ध बाजूची यादी तेवढीच लांब निघते. मला त्या वचनातलं एवढंच घ्यायचं आहे की शोध घेणं हा उपासनेचाच भाग होऊ शकतो, तिच्यातून पळवाट नाही.

यातला माझा आवडता माणूस म्हणजे जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा कॅथोलिक धर्मगुरू आणि गणिती. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्याने 1927 मध्ये मांडलं, आणि 1931 मध्ये ते एका अतिशय दाट आरंभातून सुरू झालं असावं, असं सुचवलं. त्यालाच पुढे महास्फोट म्हणू लागले. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या शोधाचा संबंध थेट बायबलच्या आरंभीच्या ‘प्रकाश होवो’ याच्याशी जोडला. कुणालाही वाटेल, धर्मगुरूला आनंद झाला असेल. त्याला ते रुचलं नाही. त्याचं म्हणणं असं की हा सिद्धांत निरीक्षणांवर उभा राहील नाहीतर पडेल. देव आहे की नाही या प्रश्नाशी त्याला बांधू नका. पोपच्या विज्ञान-सल्लागाराशी तो बोलला, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो संबंध पुन्हा जोडला नाही. पोरी, ज्याचा विश्वास पक्का असतो त्याला विज्ञानाची साक्ष उसनी घ्यावी लागत नाही, हे मला या माणसाकडून समजलं.

पृथ्वीच्या वयाचं तू विचारलंस, ते चटकन उरकते. धुळ्याहून नंदुरबारला येताना शेतांच्या मधून उभ्या राहिलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात ना, त्या डाइक. दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्याच भेगांत थिजलेला दगड. हा सगळा प्रकार साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ‘सहा हजार वर्षं’ हा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. सतराव्या शतकात आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने वंशावळ्या मोजून इ.स.पू. 4004 हे साल काढलं, ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं गेलं आणि लोकांना ते वचनासारखं वाटू लागलं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कसली, हा प्रश्न संत ऑगस्टिनलाही पडला होता, तोही पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, भूगर्भशास्त्र नसताना. त्याने इशाराही दिला होता की ख्रिस्ती माणूस तारे-ग्रहांबद्दल अडाणीपणे बोलला तर ऐकणारा त्याच्यासोबत बायबललाही हसेल.

आता अवघड भागाकडे येते. यावर मला जरा थांबायचं आहे.

सिकलसेल इतका टिकला का? कारण ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला आहे, म्हणजे आपल्या भाषेत एएस, त्याला फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. ॲन्थनी ॲलिसन याने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. डासांच्या मुलखात एएस माणूस जगला, त्याला लेकरं झाली आणि दोष पुढे गेला. सातपुड्याच्या रानात पिढ्यान्पिढ्या मलेरिया होताच. म्हणजे उत्क्रांती कशी चालते हे बघायला तुला परदेशातलं बेट नको, तुझ्या हातातली रक्ततपासणीची पट्टी पुरे. आणि किंमत कोण मोजतं? ज्याला दोन्हीकडून दोष मिळाला ते एसएस लेकरू. बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबरचं, उन्हात पाणी कमी प्यायल्यामुळे क्रायसिसमध्ये, म्हणजे असह्य वेदनांच्या झटक्यात, गेलेलं.

देवाने हे असं का चालू दिलं, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो पटकन उत्तर देतो त्याच्यापासून जरा लांब राहा. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाशी मी नेहमी येऊन थांबते. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही, आणि कामाला लागतो. आपल्याकडे एसएस बाळ झालं की घरात पहिलं बोट सुनेकडे जातं. तिथे आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल उपयोगी पडतो, तोही मठात राहणारा. ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं मोजून त्याने 1865 मध्ये आपले निष्कर्ष वाचून दाखवले, आणि 1900 सालापर्यंत कोणी त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्याच्या गणिताने तू त्या घरातल्या सासूला सांगू शकतेस: आई आणि बाप दोघांकडून एकेक दोष आल्याशिवाय एसएस होत नाही. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. ‘चारात एक होतं ना, ते झालं, आता तीन सुटले’ असं नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. कोणाचंच पाप नाही, हे येशूने सांगितलं. कसं नाही, हे तू कागदावर काढून दाखव. मला विचारशील तर विज्ञान आणि विश्वास एकत्र काम करतात म्हणजे हेच, आणि यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता तुझा तो तरुण संघातला भाऊ. त्याच्याशी भांडू नकोस, बायबलमधला शास्त्रभाग काढून बस. प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाले, तरी आपला सहकारी तीमथ्य याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तो आजारीच मिलेत गावात ठेवून पुढे जातो, आणि त्याबद्दल त्रफिमच्या विश्वासाला एका शब्दानेही बोल लावत नाही. लूकला तर प्रिय वैद्य म्हणतो. आणि कुष्ठरोगी बरा झाल्यावर येशू त्याला काय सांगतो? जा, स्वतःला याजकाला दाखव. नियमशास्त्राप्रमाणे अंगावरचे डाग तपासून शुद्ध-अशुद्ध ठरवायचं काम याजकाचं होतं. म्हणजे चंगाई झाल्यावर तपासणी करून घे, असंच ते झालं!

मी चमत्कार मानते. पुनरुत्थान मानलं नसतं तर एवढी वर्षं चर्चच्या बाकावर कशाला बसले असते? ते माझ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बघता येत नाही आणि तसा माझा हट्टही नाही. पण ‘माझा सिकलसेल गेला’ असं कोणी साक्षीत उठून सांगितलं तर ते तपासता येतं, म्हणून तपासावं. देव इलेक्ट्रोफोरेसिसला, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीला, घाबरत नाही. आणि तपासणी होईपर्यंत हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद करायची नाही, फॉलिक ॲसिडचीही नाही. चंगाई सभेनंतर गोळ्या सोडून पुन्हा वॉर्डात आलेली पोरं मी पाहिली आहेत. या एका बाबतीत तू मऊ बोलू नकोस, समोर पाळक असले तरी.

मैत्रिणींना काय सांगायचं? काही नाही. जेवणाआधी डोळे मिट आणि रिपोर्ट बरोबर दे. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे सिकलसेलच्या पहिल्या झटपट चाचणीत, नळीमागच्या काळ्या रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण ती टेस्ट एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसवते, कारण रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात फसवते, हिमोग्लोबिन फार कमी असलं तरी फसवू शकते. हे विचारल्याशिवाय रिपोर्टवर सही करणारी ‘विश्वासू’ मुलगी मला नको. विचारणारी नास्तिक मुलगी परवडली. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा रजिस्टरलाही लागू आहे.

तरुण संघातर्फे चर्चमध्ये तपासणी ठेवायची तुझी कल्पना मला पसंत आहे. 2023 मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आहे, तेव्हा आरोग्य केंद्राशी आधी बोल. किट आणि कार्ड त्यांच्याकडून मिळतात का बघ. एप्रिल-मेच्या लग्नसराईच्या बरंच आधी घे. साखरपुडा झाल्यावर रिपोर्ट आला तर लोक तो लपवतात. पॉझिटिव्ह आलेल्यांना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, आणि सोबत कोण जाणार ते आधीच ठरवायचं. निकाल वेदीवरून वाचायचे नाहीत, प्रार्थनेच्या विनंतीत नावं घालायची नाहीत. अशी नावं सोमवारच्या आत बाजारात पोचतात.

दोघं एएस आणि लग्न ठरलेलं, असं जोडपं नक्की निघेल. त्यांना धोका किती ते सांग, गर्भावस्थेत तपासणी होऊ शकते तेही सांग, आणि मग गप्प बस. विज्ञान पर्याय सांगतं. निवड त्यांनी देवासमोर करायची आहे, तुझ्यासमोर नाही. लग्न मोडा असं तू सांगायचं नाही. ते पाळकांनीही सांगू नये असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना स्वतः बोलेन.

वेळेचं म्हणशील तर उपासना संपल्या संपल्या सुरू कर. जेवणं झाली की अर्धी मंडळी पांगते. आधी प्रार्थना पाळक करतीलच. ती लांबली तर लांबू दे, तेवढ्यात नळ्या मांडून होतील. आणि त्या भावाला नळ्यांवर नंबर लिहायला बसव. अक्षर चांगलं आहे त्याचं.

तुझी,
मावशी