झटका न बसताही रॅम बिघडते का?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात मी घरीच संगणकात नवी रॅम बसवली. त्या वेळी मला झटका बसला नाही; तरीही दोन महिन्यांनी संगणक अधूनमधून अडकू लागला आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्याचा दोष स्थिर विद्युतभाराला दिला. हे शक्य आहे का? रिस्ट स्ट्रॅप (अंगातील स्थिर भार वाहून नेणारा मनगटी पट्टा) घ्यायलाच हवा का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शक्य आहे, मात्र तेच घडले असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण रॅम सैल बसली असली तरी हीच लक्षणे दिसतात. आधी ती काढून पुन्हा नीट बसवून पाहावी.

आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टला; काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आसपासही दुखावतात. शिवाय चिपमधील अतिशय पातळ ऑक्साइडचा थर दर वेळी फुटतोच असे नाही; कधी तो नुसता कमकुवत होतो आणि बिघाड पुढे केव्हातरी उघड होतो. पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे भार टिकत नाही, पण नाशिकच्या कोरड्या थंडीत, त्यातून अंगात लोकरी स्वेटर असेल तर, तो सहज साचतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावावा. उठून पुन्हा बसल्यास तो पुन्हा लावावा. आपले शरीर आणि कॅबिनेट एकाच विद्युत पातळीवर आणणे एवढाच येथे हेतू असतो. अर्थिंग मिळावे म्हणून प्लग तसाच ठेवून फक्त स्विच बंद करावा, असेही काही जण सांगतात. परंतु जुन्या वाड्यांत अर्थिंग नसणे किंवा स्विच चुकून फेजऐवजी न्यूट्रल तारेवर असणे (म्हणजे तो बंद करूनही आत वीज राहणे) नवलाचे नाही, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

एखादी रॅम बदलण्यासाठी स्ट्रॅप अनिवार्य नाही. संपूर्ण संगणक जोडायचा असेल तर तो जरूर घ्यावा आणि त्याची चिमटी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावी. त्यात १ मेगाओहमचा रोधक असतो, त्यामुळे चुकून २३० व्होल्टशी संबंध आला तरी स्ट्रॅपमधून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह वाहतो. मनगटाला साधी तार गुंडाळण्याची घरगुती युक्ती म्हणूनच धोक्याची आहे.

नवा भाग बसवेपर्यंत तो ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक (स्थिर भारापासून जपणाऱ्या) पिशवीत येतो तिच्यातच ठेवावा आणि रॅमची पट्टी कडेने धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. मात्र त्या पिशवीवर मदरबोर्ड ठेवून तो चालू करू नये. पिशवीच्या पृष्ठभागातून वीज वाहू शकते.