भाषणाचं मानधन आणि दुसऱ्या दिवशीची बातमी

प्रश्न : आम्ही गावात दरवर्षी व्याख्यानमाला घेतो. यंदा एका नावाजलेल्या पत्रकाराला बोलावलं. मानधनाची रक्कम एका पुढाऱ्याने दिल्याचं कळलं आणि 'हा माणूस आता त्यांचाच झाला' अशी कुजबुज सुरू झाली. अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी भाषणाचे पैसे परत केले होते म्हणे. मेहनत केली, मोबदला घेतला, यात गैर काय?
— व्याख्यानमालेचा एक कार्यकर्ता, सांगली जिल्हा

उत्तर : मोबदल्यात गैर काहीच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानं ऐकण्याची आपली सवय आहे. वक्त्याला गाडीभाडं, मानधन देऊन सन्मानाने पाठवावं, या मताची मी आहे. शाल-श्रीफळावर बोळवण करणाऱ्या आयोजकांशी मी भांडलेसुद्धा आहे. पण पत्रकार जेव्हा वक्ता होतो, तेव्हा भाषण आटोपून तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. काल ज्याने पैसे दिले त्याचीच बातमी आज त्याच्यापुढे येऊ शकते.

फ्रीडमन यांचं प्रकरण २००९ च्या मे महिन्यातलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नऊ काउंट्यांत हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारी एक सरकारी यंत्रणा आहे. तिने त्यांना भाषणासाठी ७५ हजार डॉलर दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा नियम असा, की मानधन शिक्षणसंस्थांकडून किंवा ज्यांचं मुख्य काम राजकारण वा लॉबिंग (सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याची खटपट) नाही अशा ना-नफा संस्थांकडूनच घ्यावं. सरकारी यंत्रणा त्यात बसत नव्हती. बभ्रा झाल्यावर फ्रीडमन यांनी पैसे परत केले. त्यांनी पैसे घेऊन मत बदललं असा आरोप कुणी केला नव्हता, आणि मलाही तसं वाटत नाही. पण ते हवामानबदलावर सातत्याने लिहीत होते, आणि पैसे देणारी यंत्रणा त्याच विषयातली होती. उद्या तिच्या कारभारावर लिहायची वेळ आली असती तर वाचकाला शंका आलीच असती. नियम असतो तो ही शंका टाळण्यासाठी.

त्याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतल्याच एबीसी या टीव्ही वाहिनीचं आहे. १९९४ च्या सुरुवातीला तिच्या 'प्राइमटाइम लाइव्ह' कार्यक्रमाने विमा एजंटांची संघटना संसदेतल्या कर्मचाऱ्यांना फ्लोरिडात फुकट सहलीला नेते, हे उघडकीला आणलं. कार्यक्रमाचे सूत्रधार होते सॅम डोनाल्डसन. त्यांनीच काही महिन्यांपूर्वी विमा क्षेत्रातल्या संघटनांसमोर भाषण करून ३० हजार डॉलर घेतले होते. बातमी खरी होती, गरजेचीही होती. पण ती दाखवणाऱ्याकडेच लोक बोट दाखवू लागले. त्याच वर्षी एबीसीने आपल्या पत्रकारांना व्यापारी संघटना आणि नफा कमावणाऱ्या कंपन्यांकडून भाषणाचे पैसे घ्यायला बंदी केली.

आता आपल्याकडचं सांगते. मी जिल्हा आवृत्तीची संपादक असताना माझ्या टेबलावर एक वही असायची. कुणाला कुठे बोलावलंय, विषय काय, मानधन किती आणि ते नेमकं कुणाच्या खिशातून येतंय, हे ज्याने त्याने स्वतः लिहायचं. शेवटचा रकाना भरताना सगळे अडखळायचे, कारण पत्रिकेवर नाव मंडळाचं असायचं आणि खाली बारीक अक्षरात 'सौजन्य'. एकदा आमचा एक चांगला बातमीदार एका सहकारी साखर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवात बोलून आला. कारखान्याचे अध्यक्ष विधानसभेच्या तयारीत होते. पुढच्याच गाळप हंगामात त्या कारखान्याची ऊसबिलं थकली. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि शेतकरी महिनोन् महिने हेलपाटे घालत होते. मोर्चा निघाला. बातमीची कॉपी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या परिच्छेदात अध्यक्षांचा खुलासा, दुसऱ्यात साखरेचे पडलेले भाव, आणि किती शेतकऱ्यांचे किती पैसे अडकलेत ते शेवटच्या ओळीत. एकही शब्द खोटा नव्हता. त्याला विचारलं तर तो मनापासून म्हणाला, ''ताई, मी कुणाची बाजू घेतली नाही.'' आणि ते खरंच होतं. काल ज्यांनी हार घातला त्यांना आज जड जाईल असं काही लिहिताना त्याचा हात आपोआप सैल पडला होता. मी बातमी उलटी करून छापली. त्यानंतर त्या कारखान्याच्या बातम्या दुसऱ्याकडे दिल्या.

तेव्हा तुम्ही काय करावं? पुढाऱ्याने देणगी दिली असेल तर ती मंडळाच्या खात्यात जमा करा, पावती फाडा, आणि त्यांचं नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापा. वक्त्याला निमंत्रण देतानाच सांगा. त्याला नको असेल तर तो आधीच नाही म्हणेल. मानधन चेकने द्या. व्यासपीठावर पुढाऱ्याच्या हातून पाकीट देऊन फोटो काढणं मात्र कृपा करून थांबवा.

प्रश्न : पत्रकाराला स्वतःचा पक्ष असूच नये का?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : असावा की. टिळकांचा 'केसरी' तटस्थ नव्हता. आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये 'मराठा' काढला तोच संयुक्त महाराष्ट्रासाठी. 'सामना' कुणाचा, हे १९८८ पासून सगळ्यांना माहीत आहे. पेपर हातात घेणारा माणूस जाणूनबुजून घेतो, त्यात फसवणूक नाही.

फसवणूक कशी होते ते अमेरिकी स्तंभलेखक जॉर्ज विल यांच्या बाबतीत दिसलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि कार्टर यांचा वादविवाद झाला. विल यांनी त्यासाठी रेगन यांची तयारी करून घेण्यात मदत केली होती, आणि त्याच रात्री टीव्हीवर विश्लेषक म्हणून बसून रेगन यांची वाहवा केली. ते रेगनसमर्थक आहेत हे कुणापासून लपलेलं नव्हतं. त्यांनी तयारी करून घेतली होती, हे मात्र प्रेक्षकांना कळलं नाही. तो गवगवा १९८३ मध्ये झाला. तिथलेच दुसरे स्तंभलेखक आर्मस्ट्राँग विल्यम्स यांचं तर याहून वाईट. बुश सरकारच्या शिक्षण धोरणाचा प्रचार करण्यासाठी त्यांना शिक्षण खात्याकडून २ लाख ४० हजार डॉलर मिळाले होते. २००५ च्या जानेवारीत 'यूएसए टुडे'ने ते छापलं आणि त्यांचा स्तंभ बंद झाला. पुराणमतवादी असणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. सरकारी पैसा घेऊन ते मत स्वतःचं म्हणून मांडणं, याचा मला राग येतो.

आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापण्याला 'पॅकेज' म्हणत. उमेदवाराची स्तुती करणारा तोच मजकूर शब्दशः एकमेकांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत बातमी म्हणून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावांनिशी अहवाल तयार केला, पण कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा आटोपशीर अवतारच स्वीकारला. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. पत्रकारांनी पत्रकारांची नावं झाकावीत, हे मी आजही पचवू शकलेले नाही.

नोकरीला लागलीस की पहिल्याच आठवड्यात विचार, आपल्याकडे मानधनाचा लेखी नियम आहे का. नसेल तर स्वतःची वही सुरू कर.

प्रश्न : आमच्या तालुक्याचा वार्ताहर सभेला आला की पाकीट घेतो. त्यावर तुम्ही काय म्हणाल?
— निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : पाकीट चूकच. पण गुरुजी, त्याला पगार आहे का, ते आधी विचारा. तालुक्यातल्या किती वार्ताहरांना महिन्याला मोटरसायकलच्या पेट्रोलपुरतेही पैसे मिळत नाहीत. उलट नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती त्यांनीच आणायच्या, आणि त्यावरच्या कमिशनवर घर चालवायचं. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात मागायची त्याच्याबद्दल संध्याकाळी कडक बातमी कशी लिहिणार? तुम्ही त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहा, वार्ताहराची तक्रार म्हणून नव्हे, तर त्याचं वेतन किती आणि त्याला जाहिराती का आणायला लावता, हे विचारण्यासाठी. खाली नाव-गाव घाला आणि एक प्रत त्या वार्ताहरालाही द्या.