‘एमण्डन’ फणस आणि ‘एमडन’ माणूस

नेरूळहून एका वाचक भगिनींनी एक मजेदार शंका विचारली आहे. त्यांच्या इमारतीतल्या मल्याळी शेजाऱ्यांनी तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून एक फणस आणला आणि तो उद्वाहनातून बाहेर काढताना ‘एमण्डन चक्का’ असे उद्गार काढले. चक्का म्हणजे फणस, हे या भगिनींना ठाऊक होते (श्रीखंडाच्या चक्क्याशी त्याचा काही संबंध नाही). ‘एमण्डन’ म्हणजे अतिशय मोठा आणि हा शब्द एका जर्मन युद्धनौकेच्या नावावरून आला, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या कार्यालयात त्यांनी एका तमिळ सहकाऱ्याला याविषयी विचारले, तेव्हा त्याने मात्र ‘एमडन’ म्हणजे बेरकी, कोणाला हाती न लागणारा माणूस, असा अर्थ दिला. हे दोन्ही शब्द एकच आहेत का, जहाजाची गोष्ट खरी आहे का, मराठीत असा शब्द का नाही, आणि १९१४ मध्ये ते जहाज मद्रासवर चालून आले त्या प्रसंगावर सोसायटीच्या स्मरणिकेत टिपण लिहायचे झाले तर त्याला ‘छापा’ म्हणावे, ‘हल्ला’ म्हणावे की ‘गनिमी कावा’, असे त्यांचे प्रश्न आहेत.

जहाजाची गोष्ट खरी आहे, आणि दोन्ही शब्द एकाच नावाची लेकरे आहेत. एम्स नदीच्या मुखाशी वसलेल्या एम्डन या जर्मन गावावरून नाव मिळालेली ही हलकी क्रूझर, म्हणजे लहान आणि वेगवान युद्धनौका, १९०८ मध्ये जलावतरित झाली. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती जर्मनीच्या पूर्व आशियाई तांड्यात होती. कॅप्टन कार्ल फॉन म्यूलर यांनी तांड्यापासून वेगळे होऊन एकट्याने हिंदी महासागरात शिरण्याची परवानगी मिळवली, आणि सप्टेंबर १९१४ मध्ये बंगालच्या उपसागरात ब्रिटिश मालवाहू जहाजे एकामागून एक नाहीशी होऊ लागली. एम्डनला तीन धुराडी होती. लाकूड आणि कापड वापरून तिच्यावर चौथे खोटे धुराडे उभारण्यात आले, जेणेकरून लांबून पाहणाऱ्याला ती ब्रिटिश युद्धनौका वाटावी. हे धुराड्याचे सोंग लक्षात ठेवावे, कारण तमिळमधल्या अर्थाची चावी तिथेच आहे.

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास ही नौका मद्रास बंदरासमोर येऊन उभी राहिली. युद्ध युरोपात चालले आहे आणि बंगालचा उपसागर ब्रिटिश आरमाराच्या मुठीत आहे, अशा समजुतीत असलेल्या या शहराचे दिवे नेहमीप्रमाणे लागलेले होते. उच्च न्यायालयाच्या मनोऱ्यावर तेव्हा दीपगृह होते आणि त्याचाही झोत फिरत होता. सुमारे तीन किलोमीटरांवरून एम्डनने आपला शोधदिवा किनाऱ्यावर टाकला आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्यांवर तोफा डागल्या. अर्ध्या तासाच्या आत सव्वाशेच्या आसपास गोळे सुटले, टाक्या पेटल्या, बंदरातल्या एका व्यापारी जहाजाला गोळे लागले, आणि किनाऱ्यावरच्या तोफांचा नेम लागण्यापूर्वी नौका दिवे मालवून अंधारात निघून गेली. प्राणहानी मोजकी झाली, परंतु पुढच्या काही दिवसांत हजारो लोकांनी शहर सोडले आणि उपसागरातला व्यापार थबकला. ब्रिटिशांचा दरारा हिंदी लोकांच्या नजरेत कमी व्हावा, हाच म्यूलर यांचा मुख्य हेतू होता. तेल जाळणे त्या मानाने दुय्यम होते.

आता शब्दाकडे येऊ. तमिळमध्ये पुरुषवाचक एकवचनी नामांच्या शेवटी ‘अन्’ हा प्रत्यय असतो: रामन्, कण्णन्, चोरासाठी ‘तिरुडन्’. ‘एमडन’ हे नाव योगायोगाने त्याच साच्यात बसते, त्यामुळे कानाला ते जहाजाचे नाव न वाटता एखाद्या इसमाचे वाटते. जे इतर कोणत्याही परकी जहाजाच्या नावाला जमले नसते ते या नावाला जमले, याचे निम्मे श्रेय मला या प्रत्ययाला द्यावेसे वाटते. उरलेले श्रेय यमाला. संस्कृतातला यम तमिळमध्ये ‘एमन्’ होतो. शिवाय द्राविडी भाषांत शब्दाच्या आरंभीचा ए उच्चारताना त्याच्या आधी हलका य येतोच. आपणही बोलताना ‘येक’ म्हणतो आणि जुन्या मोडी कागदांत तसेच लिहिलेले सापडते. तेव्हा रात्रीच्या अंधारातून येऊन आग बरसवणाऱ्या ‘येमडन’मध्ये ‘येमन’ ऐकू येणे अगदी स्वाभाविक होते. व्युत्पत्ती जहाजाचीच आहे. यमाने फक्त त्या शब्दावर आपली सावली टाकली. मल्याळममध्ये ‘यमण्डन’ असाही उच्चार रूढ आहे आणि त्यामुळे काही जण तो शब्द थेट यमापासून काढतात, पण तसे केले तर तमिळमधल्या ‘बेरकी’ या अर्थाचा उलगडा होत नाही. पोलीस अधिकाऱ्याला किंवा साहेबाला मल्याळममध्ये जे ‘एमान’ म्हणतात तो शब्द ‘यजमान’पासून आलेला आहे, त्याची यात गल्लत करू नये.

मल्याळममध्ये ‘म्ड’ हे जोडाक्षर जिभेला नकोसे होते, म्हणून मध्ये अ घुसला आणि ‘ड’च्या आधी त्याच वर्गातला ‘ण’ आला: एम्डन, एमण्डन. ध्वनीच्या दृष्टीने यात अडचण काहीच नाही. गंमत आहे ती अर्थात. तमिळ माणसाने त्या नौकेची युक्ती लक्षात ठेवली, म्हणून तिथे ‘एमडन’ म्हणजे धाडसी, कावेबाज, सहज न सापडणारा. मल्याळी माणसाने तिची दहशत लक्षात ठेवली, आणि दहशतीचे रूपांतर आकारात झाले. ऑक्टोबर १९१४ मध्ये एम्डनने लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या परिसरात आणखी काही जहाजे पकडली, त्यामुळे मलबारच्या किनाऱ्यालाही तिची धास्ती जवळून लागलेली होती. वास्तविक ही नौका जेमतेम ११८ मीटर लांब होती, म्हणजे आपल्या ठाणे-वाशी मार्गावरच्या बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहूनही कमी. तिच्या तोफाही १०.५ सेंटिमीटर व्यासाच्या, युद्धनौकांच्या मानाने लहानच. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या अधिक मोठ्या क्रूझरशी गाठ पडली, तेव्हा एम्डनचा टिकाव लागला नाही आणि म्यूलर यांनी ती खडकांवर चढवली. ‘हलकी’ या वर्गातल्या नौकेचे नाव ‘अगडबंब’ या अर्थाने फणसाला चिकटावे, हा भाषेचा खोडकरपणाच म्हणायचा. श्रीलंकेतही हट्टी मुलांना भीती घालण्यासाठी हे नाव घेतले जात असे, म्हणजे तिथे त्याचा बागुलबुवा झाला. खुद्द जर्मनीत वाचलेल्या खलाशांना आपल्या आडनावाला ‘एम्डन’ जोडून घेण्याची मुभा मिळाली. आपल्या पद्धतीने सांगायचे तर ते एमडनकर झाले.

मराठीत पर्याय सुचवायचा तर तमिळ ‘एमडन’साठी मी ‘वस्ताद’ निवडीन. ‘पाताळयंत्री’ किंवा ‘आतल्या गाठीचा’ यांत नुसता संशय आहे, कौतुक नाही. ‘हुशार’मध्ये कौतुक आहे, पण धास्ती नाही. ‘तो मोठा वस्ताद आहे’ असे म्हणताना मराठी माणूस एकीकडे खिसा सांभाळतो आणि दुसरीकडे मान डोलावतो. तमिळ वाक्यातही नेमका हाच भाव असतो. फणसाला अर्थातच ‘अगडबंब’.

हा शब्द आपल्याकडे का रुजला नाही? सरळ कारण असे की एम्डन कोकणच्या किनाऱ्याकडे फिरकलीच नाही. मिनिकॉयपासून मुंबई हजार किलोमीटरांहून दूर आहे. पण मुंबईचा समुद्र त्या युद्धात अगदी कोरडा राहिला असेही नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत वोल्फ नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर गुपचूप पाणसुरुंग पेरले, आणि त्यांपैकी एकावर आदळून त्याच वर्षी २३ जूनला मंगोलिया हे प्रवासी जहाज बुडाले. तरीही ‘वोल्फ’ हा शब्द मराठीत आला नाही, कारण ज्याने सुरुंग पेरले तो चार महिन्यांपूर्वीच निघून गेलेला होता आणि किनाऱ्यावरून कोणी त्याला पाहिलेले नव्हते. शब्द व्हायला नाव लागते, आणि ते नाव संकटाच्या क्षणीच तोंडोतोंडी व्हावे लागते. मद्रासमध्ये ते दुसऱ्याच दिवशी झाले.

या जातीच्या शब्दांचे मराठीला मात्र वावडे नाही. नादिरशहाच्या १७३९ च्या दिल्लीतील कत्तलीवरून ‘नादिरशाही’ आली, पानिपतानंतर ‘पानिपत होणे’ आले आणि ‘भाऊगर्दी’ही सदाशिवरावभाऊंच्या नावाशी जोडली जाते, ‘मोगलाई लागून गेली आहे काय?’ असे आपण आजही रांग मोडणाऱ्याला विचारतो. मात्र याची दुसरी बाजू अनेकांना माहीत नसते. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात राहिल्या, आणि आपला साधा ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोडा आणि हत्यार मिळालेला स्वार, बंगालीत ‘बर्गी’ होऊन बसला. बंगाली आया मुलांना निजवताना अंगाईत ज्याचे नाव घेतात तो बर्गी म्हणजे आपणच. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा बारगीर, हा मराठी फौजेतला मानापानाचा भेद बंगाली आईच्या दृष्टीने शून्य होता, जसा हलकी क्रूझर आणि अवजड युद्धनौका हा भेद मलबारच्या माणसाच्या दृष्टीने शून्य होता. ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याच भाषेत शब्द तयार होतो, आणि त्याचा अर्थही तोच ठरवतो.

याला एक अपवाद आहे, आणि तोच तुमच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात उपयोगी पडतो. ‘गनीम’ या अरबी मुळाच्या शब्दाचा अर्थ शत्रू. मोगल दरबार हा शब्द मराठ्यांसाठी वापरत असे. ‘कावा’ म्हणजे घोड्याला गोल फिरवण्याची चाल. शत्रूने आपल्याला दिलेले नाव आपण ‘गनिमी कावा’ या जोडीत अभिमानाने मिरवले. मद्रासच्या प्रसंगाला हा शब्द लावता येईल का? घोडा नाही म्हणून अडू नये, तो अर्थ केव्हाच मागे पडला आहे. परंतु गनिमी काव्यात मुलखाची माहिती, वारंवार हुलकावण्या आणि शत्रूला आपल्या सोयीच्या जागी ओढून आणणे अभिप्रेत असते. एम्डनच्या अडीच-तीन महिन्यांच्या सगळ्या मोहिमेला तो शब्द शोभेल. एका रात्रीच्या अर्ध्या तासाला तो मोठा होतो.

‘छापा’ही मला पटत नाही. छाप्यात आत शिरणे असते: छावणीत शिरून कापाकापी करून परत येणे, किंवा आजच्या अर्थाने अधिकाऱ्यांनी घरात शिरून कागदपत्रे ताब्यात घेणे. मद्रासच्या किनाऱ्यावर एकही जर्मन खलाशी उतरला नाही. त्याच नौकेने २८ ऑक्टोबरला पेनांगच्या बंदरात पहाटे खोट्या धुराड्यासह थेट आत शिरून झेमचुग ही रशियन क्रूझर बुडवली, त्याला ‘छापा’ म्हणायला माझी हरकत नाही. मद्रासला झाला तो ‘तोफांचा मारा’. ‘हल्ला’ चूक नाही, पण मोघम आहे. ‘भडिमार’ चालेल. ‘सरबत्ती’ हा शब्दही नामी आहे, कारण अनेक तोफा एकदम डागणे हाच त्याचा मूळ अर्थ. आता बिचारी सरबत्ती पत्रकारांच्या प्रश्नांपुरती उरली आहे, तिला एकदा पुन्हा बंदरावर नेण्याची ही संधी आहे. व्यापारी जहाजे पकडणाऱ्या या नौकेला ‘चाच्यांचे जहाज’ मात्र लिहू नये. ती एका राष्ट्राच्या आरमाराची नौका होती, आणि पकडलेल्या जहाजांवरील माणसांना म्यूलर सुखरूप दुसऱ्या जहाजावर पाठवून देत असत, याची नोंद ब्रिटिशांनीही घेतली होती.

लेखनाविषयी थोडेसे. ‘एम्डन’ आणि ‘एमडन’ ही दोन्ही लेखने चालतील, कारण मराठी वाचक ‘करवत’मधला र जसा पाय मोडून वाचतो तसाच इथला म वाचतो. मी गावासाठी आणि नौकेसाठी जोडाक्षर आणि तमिळ शब्दासाठी सुटे अक्षर असा भेद वर केला आहे तो केवळ सोयीसाठी. ‘एमडेन’ हे इंग्रजी अक्षरांवरून केलेले वाचन आहे, ते टाळावे. लिंगाचे म्हणाल तर ‘जहाज’ मनात असेल तर ‘आले’ आणि ‘नौका’ किंवा ‘बोट’ मनात असेल तर ‘आली’. एका टिपणात दोन्ही नकोत. तमिळमध्ये तो पुल्लिंगी झाला म्हणून मराठीत नौका ‘आला’ होत नाही. तेव्हा स्मरणिकेतले पहिले वाक्य असे लिहिता येईल: ‘२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डन ही जर्मन युद्धनौका मद्रास बंदरासमोर अचानक आली आणि तिने तेलाच्या टाक्यांवर तोफांची सरबत्ती केली.’