सर्किट सिम्युलेशन: लॅपटॉपवर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकरोडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला १२ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरचा ७८१२ (बाहेर स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) वाला सप्लाय घेतलाय, पार्ट आणायच्या आधी लॅपटॉपवर चालवून बघायचाय. रॅम ४ जीबी. मित्राकडे प्रोटियस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी आहे, ती टाकू का?

नको टाकूस. तत्त्वाचं राहू दे बाजूला, पण त्या सेटअपच्या पोटात आणखी काय काय असतं ते कळतं नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री. शिवाय या कामाला प्रोटियस लागतच नाही. एलटीस्पाइस घे. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या साइटवर फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. लिनक्स असेल तर आपल्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, तेही फुकट. आतलं इंजिन, म्हणजे सर्किटचं गणित सोडवणारा भाग, दोन्हीकडे स्पाइस या प्रोग्रॅमच्याच घराण्यातलं. मूळ स्पाइस १९७३ सालचं, बर्कलीच्या विद्यापीठातलं, त्यामुळे एक शिकलास की दुसरं अवघड जात नाही. आर्डुइनोचा प्रोग्रॅम तपासायचा असेल तेव्हा मात्र वोक्वी किंवा टिंकरकॅड बघ, तिथे एलटीस्पाइसचा उपयोग नाही.

आता तुझा सप्लाय. मी अंबडला पॅनेल आणि पॉवर सप्लायच्या दुरुस्तीत आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याच दिवशी ट्रान्सफॉर्मर काढत बसू नकोस. त्याच्या जागी साइन व्होल्टेज सोर्स ठेव. तिथे अ‍ॅम्प्लिट्यूड (शिखराचं व्होल्टेज) विचारतात, आरएमएस (ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं, मीटरवर दिसणारं व्होल्टेज) नाही, म्हणून १२ न टाकता १७ टाक (१२ गुणिले १.४१४), फ्रीक्वेन्सी ५०. सोर्सला सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा रेझिस्टर दे, तो ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा. पुढे चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ७८१२ ऐवजी सध्या नुसता २७ ओहमचा लोड. यादीत १एन४००७ हा डायोड सापडला नाही तर त्याच्या मॉडेलची ओळ नेटवरून घेऊन शीटवर चिकटव. ट्रान्झियंट (वेळेनुसार व्होल्टेज-करंट दाखवणारं अ‍ॅनालिसिस) लाव, २०० मिलिसेकंद पुरे.

रन दाबायच्या आधी वहीत उत्तर काढ. ब्रिजमध्ये दोन डायोडचे मिळून दीड व्होल्ट गेले, म्हणजे शिखर साधारण साडेपंधरा. दर १० मिलिसेकंदांनी कॅपॅसिटर भरतो, मधल्या वेळात अर्धा अँपिअर लोडला देतो. ०.५ गुणिले ०.०१ भागिले ०.००१, म्हणजे ५ व्होल्ट रिपल (डीसीवरचा चढउतार). ग्राफवर रिपल यापेक्षा थोडा कमी दिसेल, कारण कॅपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद थांबत नाही, आधीच भरायला लागतो. शिखरही खाली आलेलं दिसेल. भरतानाचा करंट अर्धा अँपिअर नसून कितीतरी जास्त असतो आणि तो त्या अर्ध्या ओहममध्ये व्होल्टेज खातो. डायोडवर क्लिक करून करंट बघच.

आता खालचा तळ बघ. तो १२ च्याही खाली गेलेला असेल. ७८१२ ला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे १४. तुझा प्रोजेक्ट टेबलावर बिनलोडचा छान १२ दाखवेल आणि लोड लावला की गुणगुणायला लागेल. कॅपॅसिटर २२०० करून बघ, सुधारेल, पण १४ ला पोचणार नाही. मग अ‍ॅम्प्लिट्यूड १४.८ कर, म्हणजे लाइन २३० ऐवजी २०० व्होल्ट. निफाड-दिंडोरीकडे शेतातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की असं व्होल्टेज नवीन नाही. हे बघितल्यावर ट्रान्सफॉर्मर १२ चा आणायचा की १५ चा, ते तुझं तूच ठरवशील. १५ चा घेतलास तर ७८१२ वर उष्णता वाढते, हीटसिंकचा हिशेब वेगळा कर.

ग्राउंडचं नीट ऐक. ग्राउंड नसेल तर स्पाइस चालत नाही, म्हणून मुलं सोर्सच्या एका टोकाला ग्राउंड लावतात आणि ब्रिजच्या मायनसलाही. झालं, खालचा एक डायोड शॉर्ट आणि दुसरा अर्ध्या सायकलला थेट सोर्सवर. सिम्युलेटर बिचारा धूर न काढता भलामोठा करंट दाखवतो. ग्राउंड फक्त मायनसला. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपच्या दोन प्रोबच्या क्लिपा अशाच दोन ठिकाणी लावल्या की हेच होतं, फक्त तिथे धूर निघतो.

आकडे लिहितानाही एक खोच आहे. स्पाइसला कॅपिटल-स्मॉल कळत नाही. मेगाओहम म्हणून नुसतं एम लिहिलंस तर तो मिली धरतो, मेगासाठी एम-ई-जी ही तिन्ही अक्षरं लिहायची. कॅपॅसिटरला फॅरड म्हणून आकड्यापुढे नुसता एफ लावलास तर तो फेम्टो होतो. उत्तर भलतंच आलं की आधी हे बघ, सर्किट नंतर.

पुढे कधीतरी दोन ट्रान्झिस्टरचा अस्टेबल करशील, एलईडी ब्लिंक करणारा. एलटीस्पाइसमध्ये तो बहुतेक गप्प बसेल. सर्किट चुकलेलं नसतं. तिथले दोन ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे आधी कोणी चालू व्हायचं हेच ठरत नाही. खऱ्या दोन बीसी५४७ मध्ये फरक असतोच. एका बेसला सुरुवातीचं व्होल्टेज ठरवून देणारी .ic ची (इनिशियल कंडिशनची, चिपची नव्हे) ओळ टाकली की सुरू होतो.

व्हिडिओ बघून दहा सर्किटं उतरवण्यापेक्षा याच एका सप्लायची प्रत्येक किंमत बदलून बघ. ओरलला परीक्षक विचारतात तेही हेच, हजारच मायक्रोफॅरड का घेतलास?

कुठे अडलास तर इथे विचार, पण स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. एलटीस्पाइसची एएससी फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडून जशीच्या तशी चिकटव. मॉडेलची ओळ बाहेरून घेतली असशील तर तीही दे, नाहीतर आमच्याकडे ती चालणार नाही. आणि सर नको म्हणूस, दादा चालेल.