नायट्रोजन दिसला की बेस, एवढं पुरतं का?

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी स्ट्रक्चर बघून ॲसिड की बेस ओळखायचं आहे आणि ‘नायट्रोजन म्हणजे बेस’ एवढं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. तो नायट्रोजन कुणाच्या शेजारी बसलाय ते बघावं लागतं.

गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत मी क्यूसीच्या (औषधाचा दर्जा तपासणाऱ्या विभागातल्या) जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. समोर तिघे. मधल्या साहेबांनी विचारलं, "पॅरासिटामॉल ॲसिड की बेस?" मी म्हटलं, "वीक ॲसिड." साहेब हसले. "अहो, त्यात नायट्रोजन आहे, दिसत नाही?" दिसतो की! पण तो कार्बोनिलला, म्हणजे C=O ला, चिकटलाय. त्याची लोन पेअर (बाँडमध्ये न वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी) रेझोनन्समध्ये गुंतलेली, म्हणजे शेजाऱ्यांत वाटली गेलेली, प्रोटॉन पकडायला मोकळीच नाही. उलट रिंगवरचा ओएच फिनॉलचा, त्याचा पीकेए 9.5 च्या आसपास (हा आकडा जितका कमी, तितकं ॲसिड जोरदार). मी कागद मागितला तर म्हणाले, "राहू दे." बाकीचे दोघे फाईल चाळत बसले. नोकरी अर्थातच नाही मिळाली.

लोन पेअर मोकळी असेल तर बेस. सायक्लोहेक्झिलअमाईन बऱ्यापैकी बेस, ॲनिलीन त्यापेक्षा कितीतरी दुबळं, कारण तिथे रिंग लोन पेअर ओढते. पिरिडीन बेस आहे, पायरोल नाही, कारण त्याची लोन पेअर रिंगमध्येच गुंतलेली. ॲसिडचं उलट बघायचं: प्रोटॉन गेल्यावर उरलेला निगेटिव्ह चार्ज पसरायला जागा आहे का? इथेनॉलचा पीकेए 16, फिनॉलचा 10, ॲसेटिक ॲसिडचा 4.76. ओएच तिघांतही आहे. क्लासमध्ये ग्रुपचा तक्ता घोकून घेतात ना, त्यातूनच असले साहेब तयार होतात.

लॅबमध्ये करून बघा. पॅरासिटामॉल पातळ सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये विरघळतं, बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे येत नाहीत (त्याला जास्त जोरदार ॲसिड लागतं), आणि पातळ एचसीएलमध्ये साध्या पाण्याइतकंच विरघळतं. बेस असतं तर एचसीएलमध्ये सहज गेलं नसतं का?

हां, बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे आले म्हणजे सीओओएच (ॲसेटिक ॲसिडमधला ॲसिड ग्रुप) असेलच असंही नाही. पिक्रिक ॲसिडमध्ये तो नाही, तरी बुडबुडे येतात. तीन नायट्रो ग्रुप आहेत ना, ते निगेटिव्ह चार्ज पसरवतात. व्हिटॅमिन सीचंही तेच, त्यात सीओओएच नाही आणि पीकेए 4.2. ग्लायसीन दोन्हीकडचं, ॲसिडही आणि बेसही. आणि प्रयोगाला गोळी कुटून घेऊ नका, तिच्यातला स्टार्च कशातच नीट विरघळत नाही आणि उगाच गोंधळ होतो. लॅबमधली शुद्ध पावडर मागा, तीही जरा सढळ हाताने, कारण थोडी तर नुसत्या पाण्यातही विरघळते.