ब्युरेटचा शेवटचा आकडा

अनेक आशीर्वाद.

पूर्णपणे वस्तुनिष्ठ निरीक्षण शक्य आहे का, असं तू विचारलंस. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण या 'नाही'चं बोट धरून 'मग विज्ञान तरी काय, एक मतच' असं म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. निरीक्षकाला बाजूला काढता येत नसलं तरी त्याचं माप घेता येतं.

ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ साली नेव्हिल मॅस्केलिन या शाही खगोलशास्त्रज्ञाने डेव्हिड किनब्रुक या मदतनिसाला कामावरून काढलं. दुर्बिणीतल्या उभ्या रेघेवरून तारा सरकण्याची वेळ तो मॅस्केलिनपेक्षा ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा, हा त्याचा गुन्हा. त्या काळची पद्धत अशी: घड्याळात सेकंद पाहून घ्यायचा, मग दुर्बिणीला डोळा लावून ठोके कानाने मोजत राहायचे. रेघेच्या अलीकडे असताना ठोका पडला तेव्हा तारा कुठे होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे कुठे गेला, हे ध्यानात ठेवून मधल्या सेकंदाचे दहा भाग मनातच पाडायचे. डोळ्याची आणि कानाची अशी सांगड घालायची, आणि ती प्रत्येकाची वेगळी बसते. ०.८ सेकंद म्हणजे आकाशात १२ विकला (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला); तेवढ्या वेळात विषुववृत्तावरची जमीन साधारण ३७० मीटर सरकते. किनब्रुक बिचारा ढिला ठरला. पुढे १८२० च्या सुमारास क्योनिग्जबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदींची वालबेक या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नोंदींशी तुलना केली. दोघेही कसलेले निरीक्षक, तरी फरक एका सेकंदाहून जास्त निघाला! मग निरीक्षकांमधला फरक मोजून दुरुस्ती करायची रीत पडली. त्याला व्यक्तिगत समीकरण म्हणतात. यातली मेख पाहा: त्या तुलनेतून दोघांमधला फरक कळला, पण दोघांपैकी बरोबर कोण ते नाही.

हे अनुभवायला वेधशाळा नको, टायट्रेशन पुरे: ब्युरेट या खुणांच्या उभ्या काचनळीतून द्रावण फ्लास्कमध्ये रंग बदलेपर्यंत थेंबथेंब सोडायचं आणि किती मिली लागलं ते वाचायचं. पहिलं रीडिंग ९.८ आलं. दुसऱ्या वेळी ९.६ पासूनच हात जपून चालतो, ९.७ ला डोळे गुलाबी रंग शोधू लागतात आणि ९.८ ला तो 'दिसतो'. तिसरंही ९.८. सी.बी.आर. (पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्युरेट रीडिंग) मिळाला, जर्नलवर सही झाली. यात लबाडी कुणीच केलेली नाही, म्हणूनच ही चूक पकडायला अवघड. फिनॉल्फ्थॅलीन या रंग दाखवणाऱ्या रसायनाचा फिकट गुलाबी हा मुळात काठावरचा रंग. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून तो थोड्या वेळात उडतो. मग एक थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ मिली, आणखी टाकायचा की नाही हे मनातला आकडाच ठरवतो.

उपाय फुकटातला आहे. दर वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरू नकोस. जोडीदाराला १ ते ६ च्या दरम्यान कुठेही भरायला सांग. सुरुवातीचं रीडिंग तो घेईल आणि चिठ्ठीवर लिहून घडी घालेल. वरच्या भागाला कागद गुंडाळून ठेवा, म्हणजे तुझी नजर तिकडे जाणार नाही. रंग किती टिकला की थांबायचं, ते आधीच ठरव. ३० सेकंद ठीक. फ्लास्कखाली पांढरी टाइल हवीच. तू फक्त शेवटचं रीडिंग शाईने लिही. तिन्ही झाल्यावरच चिठ्ठ्या उघडून वजाबाकी करा. ९.८, ९.८, ९.८ च्या जागी ९.७, ९.९, ९.८ आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हाताचा खरा पसारा तेवढा आहे, आणि तो कळणं हीच कमाई.

दुसरी तपासणी जुन्या वहीवर कर. ०.१ मिलीच्या खुणांमध्ये अंदाजाने वाचलेला दुसरा दशांश आकडा घे, असे शंभर रीडिंग जमव आणि ० ते ९ पैकी कोणता किती वेळा आला ते मोज. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा. शून्य आणि पाच पंचवीस-तीस वेळा आले असतील, तर ते वाचन नव्हतं, गोळाबेरीज होती. नजरेची उंचीही बघ: डोळा पातळीच्या वर असेल तर ब्युरेटचं रीडिंग कमी येतं, खाली असेल तर जास्त. ही चूक एकाच दिशेची असल्याने दहा रीडिंगची सरासरी काढूनही जात नाही.

कोणतं रीडिंग गाळायचं, हा याहून नाजूक भाग. मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञाने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला; त्याच्या १९१३ च्या निबंधात त्याने ५८ थेंब दिले आणि यात निवड केलेली नाही असं लिहिलं. त्याच्या वह्यांमध्ये थेंब त्याहून बरेच जास्त आहेत. गंमत म्हणजे त्याचं उत्तर आजच्या १.६०२ च्या जागी १.५९२ (गुणिले १०⁻¹⁹ कूलोम) आलं, ते मुख्यतः हवेच्या स्निग्धतेचा आकडा चुकीचा धरल्यामुळे. पण म्हणून त्याची गाळणी माफ होत नाही. गाळायचा नियम प्रयोगाआधी लिहून ठेव: बुडबुडा अडकला, नळी गळली, थेंब फ्लास्कबाहेर पडला तर रद्द. 'जुळत नाही' हे कारण त्या यादीत नको.

मशिनने मोजलं म्हणजे माणूस सुटला, असंही समजू नकोस. डिजिटल तराजूचा शेवटचा आकडा ३, ५, ४ असा नाचत असतो. त्यातला 'स्थिर' कोणता हे तूच ठरवणार. तेव्हा किती सेकंदांनी लिहायचा ते आधी ठरव.

पुढच्या पत्रासोबत फेअर जर्नल पाठवू नकोस. रफ वहीची पानं पाठव, खाडाखोडीसकट, आणि चिठ्ठ्याही.